गुरुवारची तक्रार

देवराव गावंडे यांनी एकतीस वर्षं एसटीच्या यवतमाळ विभागात कंडक्टरकी केली आणि एवढ्या वर्षांत ते घाबरले फक्त एका वहीला. तक्रार पुस्तकाला. दारुडे त्यांनी उतरवले, बकरीचं तिकीट काढायला नकार देणारे सरळ केले, पण एखादा प्रवासी लालबुंद होऊन "तक्रार बुक आणा" म्हणाला की ते तिकिटं फाडायचं सोडून त्याची समजूत घालत बसायचे. एसटीत तक्रार म्हणजे नुसती बडबड नसते. तिला क्रमांक पडतो, फाईल निघते आणि तक्रार निकाली निघेपर्यंत ती फाईल कोणाच्या बापाला बंद करता येत नाही.

असा हा माणूस म्हातारपणी स्वतःच तक्रारदार झाला, आणि तोही हौसेनं. आता याला काय म्हणावं?

देवराव राहतात त्या बाभुळगावच्या मैदानावर सरकारनं ओपन जिम बसवली आहे. देवराव रोज सकाळी तिथं जात. व्यायाम हे निमित्त, माणसं भेटतील ही खरी आशा. माणसं भेटत, पण सगळ्यांच्या कानात ती गाणी ऐकायची पांढरी बोंडं. राम राम घातला तर एक बोंड काढून "काय म्हणता?" विचारत आणि उत्तर ऐकायच्या आत पुन्हा घालत. देवरावांनी मग राम राम घालणंही कमी केलं.

फेब्रुवारीच्या शेवटी तिथं पुण्याच्या एका कंपनीची दोन माणसं आली. कंपनी जिमच्या सायकली आणि धावायचे पट्टे बनवायची. आता तिला पावलं आणि नाडी मोजणारा मनगटावरचा पट्टा बनवायचा होता, खास साठीपुढच्या लोकांसाठी, आणि तोही मराठीत सूचना दाखवणारा. बाजारात आणण्याआधी तो जिल्ह्यातल्या बारा लोकांनी वापरून बघायचा होता. "दर गुरुवारी चार वाजता आमच्या मॅडम फोन करतील," त्यातला एक म्हणाला, "वीस मिनिटं. काय आवडलं, काय खटकलं, सगळं मोकळेपणानं सांगायचं." देवरावांनी लगेच हात पुढं केला. त्यांचा डोळा पट्ट्यावर नव्हता, त्या वीस मिनिटांवर होता. तेव्हा हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

घरात बोलायला होतं कोण? पत्नी इंदूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा गोपाल हैदराबादला. पोरगा गुणाचा आहे, दर रविवारी न चुकता फोन करतो, पण चार मिनिटं. त्यात तब्येत, ऊन-पाऊस आणि "ठेवू काय बाबा?" एवढंच बसतं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात रोज तीनशे लोकांना "समोर सरका, समोर सरका" म्हटलं, त्याच्या घरात आता सरकवायला कोणी नव्हतं. कधीकधी दिवस मावळताना देवरावांच्या लक्षात यायचं की सकाळपासून आपण तोंडच उघडलेलं नाही.

पहिल्या गुरुवारी चारच्या ठोक्याला फोन आला.

"देवराव सर बोलताय ना? मी सुरभी. तुमचा वापराचा अनुभव कसा आहे?"

सर! एकतीस वर्षांत त्यांना कोणी सर म्हटलं नव्हतं. ते खुर्चीत ताठ बसले.

"अनुभव बरा आहे म्याडम. पण तुमचा पट्टा लबाड आहे."

"लबाड? म्हणजे?"

"काल मी यवतमाळले गेलतो. बसमध्ये जागा भेटली, बसूनच होतो. उतरून पाह्यतो तं हा म्हणते, दोन हजार पावलं झाली! मी तं जागचा हाललो नाई. हालला तो रस्ता. अन् ह्यानं पावलं माह्या नावावर टाकली."

पलीकडून हसू फुटलं. खोटं, कामापुरतं हसू नव्हे, तर फोन तोंडापासून लांब धरून हसतात तसं. देवरावांना ते रात्री झोपेपर्यंत पुरलं.

त्या दिवसापासून त्यांनी मन लावून पट्ट्याला नावं ठेवायला सुरुवात केली. आठवडाभर चुका हेरायच्या, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायच्या आणि गुरुवारी वाचून दाखवायच्या. पट्टा रोज सांगायचा, "तुमचे उद्दिष्ट पूर्ण करा." देवरावांनी कळवलं, "हा शब्द काढा म्याडम. उद्दिष्ट आमचा डेपो म्यानेजर मांगे. हा शब्द पाह्यला का आजही माही चाल मंदावते." पंधरा दिवसांत शब्द बदलला. पट्टा म्हणू लागला, "आजची चाल राहिली आहे." आपल्या बोलण्यानं पुण्यातलं काही हललं, हे बघून देवरावांची छाती फुगली. पट्ट्याखाली घामोळं येतं, हे त्यांनी सांगितलं. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी आहेत, हेही सांगितलं. चौथ्या गुरुवारपर्यंत सरचे काका झाले होते आणि म्याडमची माय झाली होती. आपल्याकडे लेकीच्या वयाच्या पोरीला मायेनं माय म्हणतात, हे त्यांनी सुरभीला समजावून सांगितलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कॅलेंडरवर लिहिली नाही. पट्ट्याच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये एक पान मित्रांचं होतं. ते उघडलं की मोठ्या, स्वच्छ अक्षरांत यायचं: "तुमच्या यादीत एकही मित्र नाही." ही अक्षरं अजिबात बारीक नव्हती. देवरावांना सगळ्यात जास्त खटकलं ते हे, आणि तेच त्यांनी सांगितलं नाही. सांगायचं तरी कसं?

दुसरीही एक गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती, पण ती चांगली होती. तासभर बसून राहिलं की पट्टा थरथरायचा. मनगटाच्या आतल्या बाजूला दोनदा, हलकेच. एसटीत कंडक्टरनं एकदा घंटी मारली की गाडी थांबते आणि दोनदा मारली की निघते. देवरावांनी आयुष्यभर ती दोरी दोनदा ओढून हजारो माणसांना पुढं धाडलं होतं. आता कोणीतरी त्यांना म्हणत होतं, चला, निघा. पहिल्यांदा थरथरलं तेव्हा ते खरोखर उठले आणि चप्पल घालून बाहेर पडले. जायचं कुठं हे फाटकापाशी आल्यावर आठवलं.

खरं सांगायचं तर चालण्याचं एवढं काही नव्हतं. तीन वर्षांत देवरावांना हात लावणारा माणूस एकच, महिन्यातून एकदा भेटणारा न्हावी. ती थरथर म्हणजे कोणीतरी मनगट धरून हलवावं तशी वाटायची. पुढं पुढं ते मुद्दाम बसून राहू लागले. तास भरत आला की वर्तमानपत्र बाजूला ठेवून डावा हात मांडीवर घ्यायचे आणि वाट बघायचे. ती आली की त्यांना बरं वाटायचं. इतकी साधी गोष्ट होती ही.

हे सगळं माहीत असलेला गावात एकच माणूस होता, बसस्टँडवरचा कंट्रोलर रामलाल राठोड. त्याच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं होती, म्हणून त्याला कामं होती आणि बोलायला फुरसत कमी. तरी दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तो देवरावांना चहा पाजायचा.

"गुरुवार गुरुवार करून राह्यले तुम्ही," रामलाल एकदा म्हणाला. "अन् एक ध्यानात ठेवा देवराव, ते पोरगी पट्ट्याची चौकशी करते. तुमची नाई."

"माहीत आहे मले," देवराव म्हणाले. त्यांनी चहा अर्धाच ठेवला आणि घरी आले.

पाचव्या गुरुवारी कॅलेंडरची पाठ कोरी होती. आठवडाभर शोधूनही नवीन खोट सापडली नव्हती. जी होती ती त्या भल्या लोकांनी दुरुस्त करून टाकली होती. मार्च संपत आला होता, कूलर सुरू झाला होता, आणि त्याच्या घरघरीत सुरभीचा आवाज नीट येत नसे म्हणून देवराव चारला पाच मिनिटं कमी असताना तो बंद करून घामानं निथळत बसले होते.

"काका, काही नवीन?"

"सध्या तं काई नाई माय."

"अरे वा! मग छानच. बाकीच्यांपैकी सात जणांचं आपण बंद केलंय. ज्यांच्या तक्रारी संपल्या त्यांना उगीच त्रास नको, असं ठरलंय. मग तुमचंही आज—"

तेवढ्यात मनगटावर दोनदा थरथरलं.

"हे!" देवराव जवळजवळ ओरडले. "हे थरथरते ना माय, हे!"

"कंपन? त्याचं काय काका?"

काय ते देवरावांनाही माहीत नव्हतं. त्यांना इतकंच माहीत होतं की तक्रार चालू असली म्हणजे फाईल बंद होत नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. त्यांच्या हाताशी त्या क्षणी हीच एक काडी होती, आणि खोटं बोलावं तर रेटून बोलावं.

"हे थरथरलं का पोटात धस्स होते. छाती धडधड करते. माणूस एकटा बसला आहे, घरात चिटपाखरू नाई, अन् एकदम कोणी हात धरल्यासारखं होते. जीव घाबरते माय."

पलीकडे टाईप करण्याचा आवाज थांबला. "काका, हे फार महत्त्वाचं आहे," सुरभी हळू आवाजात म्हणाली. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? कधीपासून होतंय?"

त्या दिवशी फोन वीस नव्हे, बेचाळीस मिनिटं चालला. ठेवताना ती म्हणाली की तुमचं आता इतक्यात बंद करता येणार नाही, निदान पाच गुरुवार तरी अजून लागतील. देवरावांनी कूलर लावला आणि त्याच्यासमोर उभं राहून घाम वाळवला. खूप दिवसांनी त्यांना भूक लागली होती.

पुढचे चार गुरुवार हे देवरावांच्या गेल्या तीन वर्षांतले सगळ्यात चांगले दिवस. एकदा कंपनीचे डॉक्टरही फोनवर होते. एरवी सुरभीच. दचकायला होतं ते सकाळी जास्त की दुपारी? त्याआधी तुम्ही काय करत असता? एकटे असताना जास्त होतं का? "एकटाच असतो माय," देवराव म्हणाले आणि मग त्यांना थांबता येईना. दुपारी बारा ते पाच हा वेळ कसा सरत नाही, ते त्यांनी सांगितलं. एका माणसाचा भात लावताना अंदाज अजून चुकतो आणि उरलेला रात्री खावा लागतो, तेही सांगितलं. इंदूबाई दुपारी कापसाच्या वाती वळत बसायची आणि सासरच्या सगळ्या माणसांच्या नकला करायची, तेव्हा आपण हिच्यावर "झोपू देशील का?" म्हणून खेकसायचो, हेही निघालं. धडधड खोटी होती. बाकी सगळं खरं होतं. सुरभी मध्येमध्ये "हो काका" म्हणायची आणि लिहून घ्यायची.

रामलालला हे कळलं तेव्हा तो हसला नाही. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"तुम्ही खोटी तक्रार केली?"

"खोटी म्हणजे... बोलणं चालू राह्यते बा. कोणाचं काय बिघडते?"

"एसटीत राहून हे बोलता तुम्ही? तक्रार झाली का पुढं काय होते?"

"काय होते?"

"बदली होते देवराव. ज्याच्या नावानं तक्रार, त्याची बदली होते."

देवरावांनी ते हसण्यावारी नेलं. ते स्वतः एका खोट्या तक्रारीवर दोन वर्षं दूर वणीला जाऊन आले होते, तरीही त्यांनी ते हसण्यावारी नेलं. माणसाला जे ऐकायचं नसतं ते त्याला समजत नाही, हेच खरं.

मेच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, मोबाइलवर आलं की पट्ट्यात सुधारणा झाली आहे, परवानगी द्या. देवरावांनी दिली. त्या दिवशी तास भरला, त्यांनी हात मांडीवर घेतला आणि वाट बघितली. काही झालं नाही. आपली मोजदाद चुकली असेल म्हणून आणखी थांबले. मग पट्टा काढून झटकला, पुसला, उजव्या हातात घालून पाहिला. काच चालू होती, पावलं दिसत होती, नाडीही दिसत होती. फक्त ते दोनदा हलकेच होणारं जे होतं, ते गेलं होतं. बुधवारी दिवसभर ते दर तासाला वाट बघत राहिले. संध्याकाळी त्यांना कळून चुकलं की पट्टा बिघडलेला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनीच मनगट पुढं करून सांगितलं होतं की हे काढा.

त्या रात्री त्यांनी ठरवलं. खरं सांगून टाकायचं. माय, मी खोटं बोललो. मले धडधड-बिडधड काई होत नव्हती. ते थरथरणं मले पायजे आहे, तेवढं वापस करा. तुम्ही फोन करणं बंद कराल म्हणून भेव वाटलं, म्हणून बोललो. एवढं त्यांनी आरशासमोर उभं राहून दोनदा म्हणून पाहिलं. पोरगी रागावेल, पण समजून घेईल. ती तशी आहे.

गुरुवारी चारला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी कूलर बंद केला. बाहेर चव्वेचाळीसचं ऊन होतं.

"माय, मले एक सांगायचं—"

"काका, आधी मी बोलू? प्लीज!" सुरभीचा आवाज असा उसळत होता की देवराव थांबले. "काका, मी पर्मनंट झाले! दीड वर्ष माझी नोकरी टांगणीला होती. यावेळी काढणारच होते मला. आणि तुमचं ते, कंपनाचं. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं ते. मी अहवाल दिला, डॉक्टरांनी उचलून धरला, आणि आता सगळ्यांच्याच पट्ट्यातून ते काढून टाकलंय. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. आईला सांगितलं आणि लगेच तुम्हाला सांगतेय. तुमच्यामुळे झालं हे, काका."

देवरावांच्या तोंडात "मी खोटं" एवढे दोन शब्द तयार होते. ते तिथंच राहिले.

"काका? आहात ना?"

"हाव. आहो ना. अभिनंदन माय. लय चांगलं झालं. पेढे वाट."

"वाटले! तुम्हाला आता कसं वाटतंय? दचकायला नाही ना होत?"

खरं बोललं तर काय होईल, हे देवरावांना पुरतं कळत होतं. अहवालाची फाईल उघडेल, डॉक्टर विचारतील, मोठे साहेब विचारतील, आणि ही पोरगी मान खाली घालून उभी राहील. खोट्या तक्रारीपायी डेपोत मान खाली घालून उभं राहणं काय असतं, ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? आणि हा फोन चालू ठेवायचा तरी आता एकच रस्ता होता, आणखी एक तक्रार. ती काय करून बसेल आणि कोणाला घालवेल, कोणास ठाऊक.

"नाई माय," ते म्हणाले. "आता शांत वाटते. लय शांत वाटते."

"किती बरं वाटलं ऐकून! अजून काही तक्रार काका? काहीही?"

फॅनही बंद होता. भिंतीवरचं कॅलेंडर स्थिर लटकत होतं. देवरावांनी डोळे मिटले.

"नाई," ते म्हणाले. "काईच तक्रार नाई. झकास आहे तुमचा पट्टा."

मग सुरभीनं आभार मानले. पट्टा कंपनीकडून तुम्हाला भेट, आता तो तुमचाच, असं सांगितलं. दहापैकी किती गुण द्याल, हे विचारलं. देवरावांनी दहा दिले. "काळजी घ्या काका," ती म्हणाली. "तूही घे माय," ते म्हणाले. फोन अकरा मिनिटांत संपला.

ते तसेच खुर्चीत बसून राहिले. कूलर लावायचं राहून गेलं. समोरच्या भिंतीवरून ऊन सरकत वर गेलं आणि गेलं. रस्त्यावरून धामणगावची गाडी गेली, नंतर परत आली. अंधार पडायला लागला, तेव्हा लाइट लावावा म्हणून त्यांनी हात वर केला आणि मनगटावरची काच आपोआप उजळली.

मोठ्या, स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं होतं: "तुम्ही बराच वेळ बसून आहात."

ते कधीपासून लिहून आलेलं होतं, हे कळायला मार्ग नव्हता.

"हाव," देवराव त्याला म्हणाले. त्यांनी हात पुन्हा खाली घेतला आणि ते बसून राहिले.